बुजगावण्याचा सदरा: गावातल्या रूपबदलाची अद्भुतकथा कशी लिहावी

शहरात बेतलेल्या अद्भुतकथेत रूप बदललेला माणूस गर्दीत शिरला की सुटला. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात ते जमत नाही. एसटीतून उतरून तो पानठेल्यापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी विचारतंच, "कोनाचा व्हय बे तू?" चेहरा कितीही बेमालूम असो, त्याला बाप, आजोळ, वावर आणि दुकानातली उधारी लागते. म्हणून विदर्भातल्या गावात अशी कथा घडवायची असेल तर मंत्र आणि मुखवटे थोडे बाजूला ठेवा. या माणसाला कोण, कशावरून आणि कधी ओळखेल, हे आधी ठरवा. बाकीची कथा त्यातूनच निघते.

नुसत्या सूचना हवेत राहतात, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. वर्धा नदीच्या काठचं एक गाव. पाटलांच्या घरी सुदाम सालदार आहे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पाटलांचा थोरला मुलगा विनायक सहा वर्षांपूर्वी पुरात गेला, प्रेत मिळालं नाही. यंदा धाकट्या भावानं त्याची पेटी उघडली आणि त्यातला एक सदरा तुरीच्या वावरातल्या बुजगावण्याला चढवला. एका संध्याकाळी पावसात भिजलेला सुदाम तो सदरा काढून अंगात घालतो आणि वाड्यावर येतो. ओट्यावर बसलेल्या म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडतं: "विनू!"

पहिली पायरी: घरचं भांडार तपासा

रूप पालटवणारे काढे आणि अंगठ्या परक्या कादंबऱ्यांतून उचलायच्या आधी महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान, म्हणजे नळ-दमयंतीची कथा, नीट वाचा. दमयंती विदर्भाची, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी असलेलं कौंडण्यपूर ते हेच, असं परंपरा मानते. रूपबदलावर याहून चांगली कार्यशाळा मला कुठं दिसलेली नाही.

या कथेत रूपबदल दोन प्रकारे येतो. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघं नळाचं रूप घेऊन त्याच्या रांगेत बसतात. दमयंतीपुढं एकसारखे पाच नळ. ती देवांनाच शरण जाते, आणि मग तिला खुणा दिसतात: चौघांना घाम नाही, पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजलेल्या नाहीत, अंगावर धूळ नाही, पाय भुईला टेकलेले नाहीत, सावली पडत नाही. पाचव्याला घाम आहे, धूळ आहे, सावली आहे. तोच तिचा. दैवी रूप पकडलं जातं ते त्यात काही कमी आहे म्हणून नाही, माणसाला असणारा मळ त्याला नाही म्हणून. ही खूण जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो. त्या उन्हात वखरणी करून आलेल्या ज्याच्या सदऱ्याला पाठीवर मिठाचा पांढरा डाग नसेल, त्याच्याकडं कोणतीही बाई दुसऱ्यांदा बघेल.

दुसऱ्या वेळी नळ स्वतःच बदलतो. कर्कोटक नाग त्याला डसतो, तो कुरूप होतो आणि बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्णाकडं सारथी म्हणून राहतो. मूळ रूप परत मिळावं म्हणून कर्कोटकानं वस्त्रांची जोडी दिलेली असते. इथं दमयंतीची पद्धत बघा. बाहुक कुंडिनपुरात आल्यावर ती केशिनी या दासीला त्याच्या मागावर ठेवते. केशिनी येऊन सांगते की ठेंगणं दार आलं तर तो वाकत नाही, दारच उंच होतं. त्यानं बघितलं की रिकामे घडे पाण्यानं भरतात. गवताची काडी हातात पेटते. चुरगळलेली फुलं आणखी टवटवीत होतात. मग दमयंती त्यानं शिजवलेलं मांस मागवून चाखते. शेवटी आपली दोन्ही मुलं त्याच्यासमोर पाठवते, आणि तो त्यांना कवटाळून रडतो. चेहरा या सगळ्या तपासात कुठंच नाही. हाताची चव, सवय आणि मुलांपुढं न आवरलेलं रडू, या तीन गोष्टींवर निकाल लागतो.

तुमच्या कथेतली केशिनी कोण, हे एका ओळीत लिहून ठेवा. सुदामच्या कथेत ती वाड्यावर भांडी घासणारी पोर आहे. तिच्या नजरेकडं कोणाचं लक्ष नसतं.

दुसरी पायरी: सदऱ्याचे कायदे

जादूचे नियम थोडे असावेत, पण लिहून काढलेले असावेत. तीन प्रश्न पुरतात: काय बदलतं, काय बदलत नाही, आणि परत येण्याची किल्ली कोणाकडं आहे.

सदऱ्यानं चेहरा, आवाज आणि रंग बदलतो. उंची, हातावरचे घट्टे, चाल आणि अंगठ्याचा ठसा सुदामचाच राहतो. सदरा धुतला तर रूप जातं, म्हणून तो धुवायचा नाही. आणि पावसाळ्यात न धुतलेला सदरा चार दिवसांत वास मारू लागतो. असा बारका, ओंगळ अडथळा मोठ्या शापापेक्षा कथेला जास्त पुढं ढकलतो.

किंमत ठरवताना बहुतेकजण आयुष्य कमी होतं किंवा रक्त द्यावं लागतं असं काहीतरी लिहून मोकळे होतात. त्यात चुरस नाही, कारण ते कोणाला दिसत नाही. सदऱ्याची किंमत वावरात दिसू द्या. सुदाम जितके दिवस विनायक होऊन राहतो, तितका बुजगावण्याच्या मडक्यावर सुदामचा चेहरा उमटत जातो. आधी भुवई, मग हनुवटीवरचा व्रण. गावातली माणसं तुरीत निंदायला जातात, तेव्हा ते कोणाच्या तरी नजरेला पडणारच.

किल्ली दुसऱ्याच्या हातात असली तर कथा ताणली जाते. मध्य भारतात जडी खाऊन वाघ होणाऱ्या माणसाच्या गोष्टी सांगतात. त्यांतल्या एकीत तो परत माणूस होण्याची दुसरी जडी बायकोच्या हातात देऊन ठेवतो, आणि समोर खरोखरीचा वाघ बघून ती घाबरते, जडी हातातून जाते, तो कायमचा वाघ राहतो. सगळी गोष्ट एका माणसाच्या भीतीवर उभी आहे. सुदामनं अंगातून काढलेली स्वतःची बंडी कोठ्यात दडवली असेल, आणि ती त्याच्या आईनं गोधडीला ठिगळ म्हणून फाडली, तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

तिसरी पायरी: साक्षीदारांची उतरंड

आता कागदावर गावातल्या ज्यांचा ज्यांचा या माणसाशी संबंध येतो त्यांची नावं मांडा आणि प्रत्येकासमोर लिहा: हा कशावरून ओळखतो. न्हावी डोक्यावरच्या भोवऱ्यावरून ओळखेल. शिंपी खांद्याच्या उतारावरून. चक्कीवाला हाकेवरून, कारण पट्ट्याच्या आवाजात त्याला चेहऱ्याकडं बघायची सवयच नसते. आंधळी म्हातारी पावलांवरून. कुत्रं वासावरून, पण कुत्र्याला इतकं वापरून झालंय की त्याला यंदा सुट्टी द्या.

बैल मात्र घ्या. सालदार आणि बैल यांच्यात जे असतं ते मालकाला कधी पुरतं कळत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळून त्यांना सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दर वर्षी हे सुदामनं केलेलं आहे. यंदा विनायकच्या रूपातला सुदाम बाजूला उभा, आणि खांदे दुसराच गडी मळतोय, चुकीच्या बाजूनं. बैल मान झटकतो, गड्याला ढकलतो आणि येऊन "मालका"च्या काखेत तोंड खुपसतो. कोणी काही बोलत नाही. धाकटा भाऊ बघतो.

या उतरंडीत सगळ्यात मोलाचा साक्षीदार म्हणजे ओळखून गप्प बसणारा. नवे लेखक प्रत्येक ओळखीला स्फोट करून टाकतात. गावात तसं होत नाही. म्हाताऱ्या पाटलीणबाईला पहिल्या रात्रीच कळलं असेल. विनूला वांग्याची भाजी चालत नव्हती, आणि हा दोन भाकरी खाऊन गेला. तरी ती दुसऱ्या दिवशी परत वांगीच करते. तिला मुलगा हवाय, आणि समोर बसून जेवणारा कोणीतरी आहे. तिच्या या गप्प राहण्याला कारण द्या, निदान स्वतःपुरतं. चक्कीवाला गप्प आहे तो पाटलांकडची थकबाकी आता वसूल होईल म्हणून. न्हावी गप्प आहे, कारण त्याला हा तमाशा कुठवर जातो ते बघायचंय.

चौथी पायरी: अंगात मुरलेलं

इथं घाई करू नका. कथेचा जीव इथंच आहे.

रूप बदललं तरी शरीराला शिकवलेलं बदलत नाही. सुदाम वरच्या जागी आला आहे. खाटेवर बसायला सांगितलं की तो कडेला, अर्ध्या मांडीवर बसतो. पाटील आले की उठतो. चहाचा कप रिकामा झाला की हातात धरून मोरीकडं निघतो, आणि अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात येतं. रस्त्यानं चालताना समोरून कोणी आलं की धुऱ्याच्या कडेला सरकतो. हे सगळं जात आणि मजुरी मिळून अंगात घालतात, आणि ते सदऱ्यानं उतरत नाही.

पण सुदामला केवळ दबलेला करू नका. त्याच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. 1956 च्या नागपूरच्या दीक्षेला त्याचा आजा पायी गेला होता, ही गोष्ट तो लहानपणापासून ऐकत आलाय. पाटील आल्यावर उठायचं नाही हे त्याच्या डोक्यानं केव्हाच ठरवलेलं आहे. पाय तरीही उठतात. डोकं आणि पाय यांच्यातला हा बेबनाव लिहिता आला तर ओळखीच्या प्रश्नावर वेगळं चिंतन घालायची गरज उरत नाही. आरशासमोर उभं राहून "मी नेमका कोण?" असं विचारणारं पात्र मला वाचवत नाही. तो प्रसंग काढून टाका.

त्याऐवजी हे लिहा. सकाळची वेळ. सुदामची आई वाड्याच्या अंगणाबाहेर उभी आहे. पोरगा दोन दिवस घरी आलेला नाही. ओट्यावर विनायक दात घासतोय. ती पदर सावरून म्हणते, "विनूभाऊ, आमचा सुदाम दिसला काय जी कुठी?" स्वतःच्या पोराला ती "जी" म्हणते. त्याच्या तोंडात मंजनाचा फेस आहे. थुंकायचं म्हटलं तर तिच्यासमोर थुंकावं लागेल, आणि विनायक तसा थुंकला असता. एवढाच प्रसंग. त्याच्या मनात काय आलं ते एका शब्दानंही सांगू नका.

उलट दिशेचा रूपबदल, वरून खाली, याचंही उदाहरण घरचंच आहे. विराटपर्वात द्रौपदी सैरंध्री होते आणि राणीच्या महालात वेणीफणी करते. कीचक तिच्या मागं लागतो ते ती दासी आहे म्हणूनच. महाराणीला जे कधी सोसावं लागलं नसतं ते दासीच्या वाट्याला वर्षभराच्या आतच येतं. अभ्यासक विराटाचा मत्स्यदेश राजस्थानाकडं दाखवतात, पण भीमानं कीचकाला मारून जिथं टाकलं तो कीचकदरा म्हणजेच चिखलदरा, हे मेळघाटाकडं आजही सांगतात. वरचं माणूस खाली उतरवत असाल तर त्याला गरिबीचं नुसतं दर्शन घडवून परत पाठवू नका. त्याला कोणीतरी हात लावू शकतो आणि तक्रार ऐकायला कोणी नाही, ही अवस्था येऊ द्या.

पाचवी पायरी: सरकारी ओळख

आजच्या काळातली कथा असेल तर अंगठा टाळता येत नाही. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात यंत्रावर बोट ठेवावं लागतं. आता गंमत अशी की राबणाऱ्या माणसाच्या बोटावरच्या रेघा झिजलेल्या असतात. खऱ्या सुदामचा खरा अंगठाही कित्येकदा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, "पूस बे, तेल लाव, अजून एकडाव ठेव." म्हणजे रूप बदलण्याआधीच यंत्रानं त्याला सुदाम मानायला नकार दिलेला आहे. हा विनोद कथेत आधी येऊन जाऊ द्या. नंतर विनायक म्हणून तहसिलात बोट ठेवायची वेळ येते आणि यंत्र नाही म्हणतं, तेव्हा बाबू कंटाळून म्हणतो, "शेतकऱ्याचं असंच होते," आणि वाचकाला हसावं की श्वास रोखावा ते कळत नाही.

विनायकला सहा वर्षं झाली हे मी उगाच धरलं नाही. सात वर्षं ज्याची खबरबात नाही, त्याला कायद्यात मृत मानता येतं. विनायकच्या नावावर सात एकर आहे, धाकटा भाऊ सातव्या वर्षाची वाट बघतोय, आणि वारस नोंदीचा अर्ज खिशात तयार आहे. तेवढ्यात मेलेला भाऊ ओट्यावर. सातबारा हातात आला की अद्भुतकथेला आपोआप खलनायक मिळतो.

सहावी पायरी: बोली

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत ठेवले तर वाचक दमत नाही. सगळ्या विदर्भाला एकच बोली देऊ नका. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी, अकोला-अमरावतीची वऱ्हाडी वेगळी. वऱ्हाडीत डोळ्याचा "डोया" होतो आणि शाळेची "शाया". नागपुरात शिकलेला विनायक शाळा म्हणेल, सुदाम घाईत शाया म्हणेल. एवढी एक चूक पुरे, तीही कथेच्या उत्तरार्धात.

पुरुषानं बाईचं रूप घेतलं असेल तर इकडं एक सोय आहे: अनेक गावांत बायकाही "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात. क्रियापदावरून पकडला जाण्याचा तो घिसापिटा प्रसंग इथं खोटा पडेल. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत पुरुषच लुगडं नेसून नाचत आल्यानं गावाला ते दृश्य नवंही नाही. पदर कसा सावरतो हे गाव कलाकाराच्या डोळ्यानं बघतं.

सातवी पायरी: बायको

विनायकची बायको सुलभा सहा वर्षं कुंकू लावावं की नाही या पेचात आहे. रात्र होते. इथं पुष्कळ लेखक दिवा मालवून पुढच्या प्रकरणात जातात. ते चालणार नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यानं तिच्या खोलीत जाणं ही फसवणूक आहे, आणि कथेनं ती फसवणूक म्हणूनच हाताळली पाहिजे.

अहल्येची कथा बघा. इंद्र गौतमाचं रूप घेऊन येतो. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात तिनं त्याला ओळखलेलं आहे. नंतरच्या अनेक कथनांत ती फसवली गेलेली आहे. प्रसंग तोच, पण तिला काय ठाऊक होतं हे बदलल्यावर दोष, शाप आणि उद्धार सगळ्यांचा अर्थ फिरतो. म्हणून सुलभाला काय माहीत आहे आणि केव्हापासून, हे पहिला शब्द लिहायच्या आधी ठरवा. माझ्या मते सुदामनं दाराबाहेर ओसरीतच झोपावं, आणि तिनं तिसऱ्या दिवशी आतून म्हणावं, "तुमी कोन आहात ते मले सांगू नका. पन हे सात एकर माह्या नावावर होईपर्यंत जाऊ नका." आता तीही डावात आली.

आठवी पायरी: कोणाच्या माथी मारू नका

जादू आली कुठून, या प्रश्नाला गोंड मांत्रिक किंवा गावकुसाबाहेरची एकटी म्हातारी हे तयार उत्तर असतं. ते घेऊ नका. करणी केल्याच्या संशयावरून बायांना आणि म्हाताऱ्यांना मारहाण झाल्याच्या बातम्या इकडं काल्पनिक नाहीत. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला त्यामागं हेही एक कारण होतं. सदरा बुजगावण्याचा आहे, तो कोणी मंतरलेला नाही, एवढं पुरे. वाचकाला याहून जास्त खुलासा लागत नाही.

दुसरी काळजी परक्या माणसाची. बहुरूपी, म्हणजे इकडचा रायरंद, इन्स्पेक्टरच्या वेषात दारात येऊन "वॉरंट आहे" म्हणायचा आणि लोक हसून पसाभर ज्वारी घालायचे. वेष खोटा आहे हे दोघांनाही ठाऊक असणं हाच त्या खेळाचा पाया. तो पाया आता डळमळलाय. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या पाचजणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार केलं. तुमच्या कथेत "हा तो नाही" अशी कुजबूज सुरू झाली की गाव हसत बसेलच असं नाही. जमाव जमण्याची शक्यता एकदा तरी वाचकाच्या कानावर जाऊ द्या.

नववी पायरी: उघडं पडणं

उघडकीची जागा सार्वजनिक हवी, आणि विदर्भात पोळ्याच्या तोरणाइतकी चांगली जागा नाही. सगळ्या गावाचे बैल एका ओळीत, आणि झडत्या, म्हणजे पोळ्यात मोठ्यानं म्हणायची यमक जुळवलेली कवनं, सुरू. झडतीत पाटलापासून सरकारपर्यंत कोणालाही चिमटा काढता येतो आणि त्या दिवशी कोणी रागावत नाही. भांडी घासणाऱ्या पोरीनं जे पाहिलं ते तिच्या भावाच्या तोंडून झडतीत येऊ द्या: वांगी खाणारा विनू, चुकीचा खांदा, वावरातल्या मडक्याला आलेली भुवई. लोक आधी हसतील. मग धाकटा भाऊ हसायचा थांबेल. झडती तुम्ही स्वतः रचा. प्रचलित झडती उचलली तर गावातला वाचक लगेच ओळखतो.

सदरा फाडून रूप उतरवण्याचा मोह टाळा. सुदामनं तो स्वतः काढावा की पावसानं धुवावा, हे सुलभाच्या अटीवर अवलंबून आहे: सात एकरांचं काय झालं?

खर्डा झाला की प्रत्येक प्रसंगाच्या समासात लिहा, या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे. लागोपाठच्या दोन प्रसंगांत उत्तर तेच आलं तर त्यातला एक काढा. नंतर संवाद अशा माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा जो घरात वऱ्हाडी बोलतो आणि तुमची भीड धरत नाही. तो जिथं अडखळेल तिथं खूण करा. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर हे सगळं पावसाळा तोंडावर यायच्या आत उरका, कारण संपादकांची जुळवाजुळव श्रावणापर्यंत बरीच पुढं गेलेली असते.